करू दिलं

परवा रविवारी सकाळी नातीचा फोन आला. ती पुण्याला असते, सातवीत, इंग्रजी शाळेत. एरवी "आजी, जेवलीस का?" एवढं झालं की फोन तिच्या आईच्या हातात जातो. परवा मात्र स्वारी कामात होती. शाळेत 'अलाऊ' या इंग्रजी शब्दाला समानार्थी शब्द आणायला सांगितले होते. शिवाय त्यांच्या बाईंनी सांगितलं होतं, की घरी जी भाषा बोलता तिच्यातलेही शब्द घरच्यांना विचारून लिहा. न पाहिलेल्या त्या बाई मला एकदम आवडून गेल्या.

मी म्हटलं, घे लिहून. परवानगी देणे, अनुमती देणे, संमती देणे, मुभा देणे, मोकळीक देणे, सूट देणे, मान्यता देणे, मंजुरी देणे, होकार देणे, रुकार देणे...

"बास आजी! पाचच ओळी आहेत वहीत. आता एक वाक्य सांग. सोपं."

बत्तीस वर्षं फळ्यापुढे उभं राहण्यात गेली. वाक्य काय, तोंडातच असतं. मी सांगून टाकलं, "माझ्या सासऱ्यांनी मला बी.ए. करू दिलं."

तिकडे पेन्सिल थांबली असावी. "आजी, बी.ए. तू केलंस ना?"

"हो."

"अभ्यास तू केलास? पेपर तू लिहिलेस?"

"हो गं बाई."

"मग त्यांनी काय दिलं?"

मी म्हटलं, "अगं, त्या काळी..." आणि पुढे मला काही सुचेचना. 'त्या काळी' हा आम्हा म्हाताऱ्या माणसांचा मोठा आडोसा आहे. त्याच्यामागे लपलं की लहान मुलं सहसा शोधायला येत नाहीत. हीही आली नाही, तिला वही पूर्ण करायची होती. पण तिचा प्रश्न तेव्हापासून माझ्या मागे लागला आहे. म्हणून हे लिहायला बसले.

तसं पाहिलं तर हा शब्द माझ्या जुन्या ओळखीचा. मी मराठी माध्यमातली बी.ए. पण शाळेत इंग्रजीला कुणी मिळेना, तेव्हा पाचवी-सहावीचं इंग्रजी माझ्या गळ्यात पडलं. त्या वेळी इंग्रजी पाचवीपासून असे. पहिलीपासून ते आलं २००० साली. आमच्या घरी तर्खडकरांची भाषांतर पाठमाला होती, पुठ्ठा गेलेली. रात्री ती वाचायची आणि सकाळी वर्गात शिकवायचं. मुलं आणि मी, आमच्यात एका रात्रीचं अंतर! 'अलाऊ' आणि 'परमिट' यांच्यानंतर दुसऱ्या क्रियापदाआधी 'टू' येतो, 'लेट' नंतर येत नाही, हे पोरांच्या डोक्यात बसवता बसवता खडू संपायचे. त्यात 'लेट' म्हणजे त्यांच्या लेखी उशीर. "बाई, यष्टी लेट झाली" हे रोजचं वाक्य. तो लेट वेगळा नि हा लेट वेगळा, स्पेलिंगसुद्धा वेगळं, असं सांगितलं की सगळा वर्ग माझ्याकडे संशयाने बघायचा.

तिन्ही शब्दांचा स्वभाव निराळा. 'परमिट' कागदावरचा, सही-शिक्क्याचा. 'अलाऊ' मधला, घरातही चालतो आणि पाटीवरही. 'लेट' एकदम घरगुती, आईने मुलाला खेळायला सोडावं तसा. आपल्याकडे आल्यावर मात्र त्यांची रूपं पालटली. परमिटचं आपण नाम करून टाकलं. रिक्षाचं परमिट असतं, आणि परमिट रूमही असते. आपल्या राज्यातल्या १९४९ च्या दारूबंदी कायद्याने पिणाऱ्याला परवाना लागतो, त्यावरून आलेलं ते नाव. एका मुलाने परीक्षेत 'परमिट'चा अर्थ 'दारू प्यायची खोली' असा लिहिला होता. मी त्याला अर्धा गुण दिला. त्याने डोळ्यांनी पाहिलेलं लिहिलं होतं, माझ्याच्याने शून्य देववेना.

आणि 'लेट'ची गंमत तर अलीकडे कळली. माझ्या बहिणीचा मुलगा संगणकाच्या कंपनीत होता. एके दिवशी फोनवर म्हणाला, "मावशी, मला लेट गो केलं." मला वाटलं, आज लवकर घरी सोडलं वाटतं. म्हटलं, बरं झालं, विश्रांती घे. तर त्याला नोकरीवरून काढलं होतं! म्हणजे माणसाला दाराबाहेर काढायचं आणि भाषा अशी वापरायची, की जणू त्यालाच जायचं होतं आणि यांनी मोठ्या मनाने जाऊ दिलं. तेव्हा मी नुसती हळहळले. आता वाटतं, ही युक्ती काही इंग्रजांचीच नाही. आपणही ती रोज करतो, फक्त आपल्याला ती दिसत नाही.

आता आपले शब्द बघा. नातीला मी ते एका दमात सांगितले खरे, पण प्रत्येकाचं घराणं वेगळं आहे.

परवानगी फार्सीतून आली. तिच्या पोटात परवाना आहे, परवाना म्हणजे लेखी हुकूम. म्हणून परवानगी म्हटलं की कुणीतरी वर बसलेला आणि कुणीतरी खाली उभा, हे चित्र आपोआप येतं. माझ्या वडिलांचं शिक्षण निजामाच्या राज्यात उर्दूतून झालं. त्यांच्या तोंडी 'इजाजत' आणि 'दरख्वास्त' हे शब्द शेवटपर्यंत होते. घरात आम्ही सिनेमाला जायचं विचारलं तरी थट्टेनं म्हणायचे, "दरख्वास्त द्या." थट्टाच ती, पण तिच्यामागे आठवण होती. त्या राज्यात सार्वजनिक सभा घ्यायची तर आधी सरकारची परवानगी काढावी लागे. त्या हुकमाला 'गश्ती निशाण ५३' म्हणत. १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा मोकळा झाला, तेव्हा लोकांना काय मिळालं असं वडिलांना विचारलं, तर ते म्हणायचे, "न विचारता चार माणसांत बोलता यायला लागलं." स्वातंत्र्याची याहून सोपी व्याख्या मी पुढे बी.ए.च्या पुस्तकांतही वाचली नाही.

मुभा हा माझा लाडका शब्द. अरबीतल्या 'मुबाह'वरून आला. त्यांच्या धर्मशास्त्रात जे करा म्हणून सांगितलेलं नाही आणि करू नका म्हणूनही सांगितलेलं नाही, ते मुबाह. केलंत तर केलंत, नाही तर नाही. किती सुटसुटीत! आयुष्यातल्या शंभरातल्या नव्वद गोष्टी खरं तर याच खात्यातल्या असायला हव्यात.

रजा म्हणजे मुळात खुशी, मर्जी. मालकाची मर्जी असेल तर जायला मिळायचं, म्हणून तिचा अर्थ सुटीपर्यंत आला. इंग्रजीतल्या 'लीव्ह'चंही असंच आहे, त्याचाही एक अर्थ परवानगी आणि दुसरा रजा. सुट्टी आणि रजा यांतला फरक मी मुलांना असा सांगायची, की सुट्टी सगळ्यांची असते, ती मागावी लागत नाही. रजा एकट्याची असते, तिला अर्ज लागतो.

मोकळीक आणि सूट हे आपले देशी शब्द. मोकळीकेत मोकळं करणं आहे, सुटीत नि सुटेत सुटणं आहे. म्हणजे आधी काहीतरी बांधलेलं होतं, हे शब्दच कबूल करतो. दावणीचं जनावर सोडावं तसं.

आणि कचेरीत 'ना हरकत प्रमाणपत्र' असतं. याची मला पूर्वी हसू यायची. देत काही नाहीत, फक्त आमची हरकत नाही एवढंच लिहून देतात, त्याला शिक्का मारतात नि हेलपाटे मात्र चार घालायला लावतात! आता वाटतं, एवढ्या सगळ्या शब्दांत हाच खरा प्रामाणिक आहे. तो कसा, ते पुढे सांगते.

या सगळ्या नामांच्या पलीकडे मराठीत एक साधी गोष्ट आहे, आणि तीच आपण दिवसभर वापरतो. कुठल्याही क्रियापदाला 'ऊ' लावायचा आणि पुढे 'देणे' जोडायचं. जाऊ दे, करू दे, बोलू दे. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, दिवसातून दहादा म्हणायच्या, "असू दे." पाहुणा चहाला नको म्हणतो ते "राहू द्या" म्हणून. ट्रक मागे घेणाऱ्याला खालचा पोरगा ओरडतो, "येऊ द्या, येऊ द्या." लग्नाच्या मांडवात म्हणतात, होऊ द्या खर्च. भांडण मिटवायला "जाऊ द्या" याच्याइतका गुणकारी शब्द नाही. आणि मृग कोरडा गेला की आमच्या बालाघाटावरचा शेतकरी वर बघून म्हणतो, "आता तरी पडू दे बाबा." ज्या तालुक्यातून मांजरा उगम पावते तिथल्याच माणसाला पाण्यासाठी आभाळाची अशी विनवणी करावी लागते. असो.

तर हे 'देणे' सगळीकडे आहे. नीट पाहिलं तर त्याचे दोन अर्थ आहेत. एक, मी तुला परवानगी दिली. दुसरा, मी अडवलं नाही. "मी त्याला बोलू दिलं" यात दोन्ही बसतात. भाषेला त्याचं काही वाटत नाही, पण माणसाला वाटायला पाहिजे. कारण जी गोष्ट मुळात त्याचीच आहे ती मी त्याला देऊ शकत नाही. मला फक्त ती अडवता येते, किंवा अडवायची राहू देता येते. मग जे निव्वळ अडवलं नाही त्याला 'दिलं' म्हणायचं आणि दात्याचा मान घ्यायचा, हे कितपत बरोबर?

आता माझी बी.ए. सांगते. नातेवाईक मंडळींनी ही गोष्ट माझ्याकडून निरोप समारंभापासून बारशांपर्यंत अनेकदा ऐकली आहे. आज ती पहिल्यांदाच खरी सांगते.

१९६८ साली मॅट्रिक झाले आणि त्याच उन्हाळ्यात लग्न झालं. चार वर्षांनी, पदरात एक लेकरू असताना, बाहेरून बी.ए.ला बसावं असं मनात आलं. मराठवाडा विद्यापीठ १९५८ साली औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला झालं होतं, त्यामुळे आमच्याकडच्या मुलींनाही आता ते तसं लांब नव्हतं. मी ह्यांना विचारलं. हे म्हणाले, "मला काय, आबांना विचार." आबांना, म्हणजे सासऱ्यांना, विचारलं. आबा सुपारी कातरत होते, म्हणाले, "घरातलं तुझ्या सासूला विचार." आत्याबाईंना विचारलं. त्या भाकरी थापत होत्या. म्हणाल्या, "मला गं काय कळतंय त्यातलं? कामं झाली म्हंजे झालं."

संपलं! तहसिलीत फाइल फिरते तशी माझी फाइल तीन टेबलांवरून फिरली आणि कुणीच सही केली नाही. होही नाही आणि नाहीही नाही. मी ते हो समजून फॉर्म भरला. पन्नास वर्षं ज्या परवानगीचे मी आभार मानते आहे, ती कुणी दिलेलीच नव्हती.

मग आबांनी काहीच केलं नाही का? केलं, पुष्कळ केलं. तो ७२ चा दुष्काळ. आबा दुष्काळी कामावर हजेऱ्या लिहायला जात. संध्याकाळी धुळीने माखून येत. त्यातही ते बीडला गेले की माझ्यासाठी पुस्तकं हुडकून आणत. रॉकेलची एवढी ओढ होती, तरी माझ्या कंदिलात ते कमी पडू दिलं नाही. परीक्षेला बीडला माझ्याबरोबर आले. मी आत पेपर लिहीत होते आणि बाहेर लिंबाखाली आबा माझ्या लेकराला मांडीवर घेऊन बसले होते. धोतराला लेकराची शी लागली होती. पेपर सुटल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "सगळे प्रश्न सोडवलेस का?"

आता सांगा, या माणसाचं वर्णन 'त्यांनी मला करू दिलं' एवढ्यात करायचं? त्या वाक्यात माझं बी.ए. त्यांच्या खात्यावर जातं, आणि त्यांचं लिंबाखाली बसणं कुणाच्याच खात्यावर जात नाही. एका वाक्याने दोघांवर अन्याय होतो. आबांनी परवानगी दिली नाही, साथ दिली. पुस्तकं आणली, रॉकेल आणलं, लेकरू सांभाळलं. ही खरी देण्याची क्रियापदं. माझ्या नातीचा प्रश्न होता, त्यांनी काय दिलं. त्याचं उत्तर हे आहे, आणि ते मी तिला फोनवर देऊ शकले नाही.

हा विषय काही माझ्या घरचाच नाही. आपल्याकडे यावर केवढं रण माजलं होतं! रखमाबाईंचं लग्न त्या अकरा वर्षांच्या असताना झालं. मोठेपणी त्या नवऱ्याकडे नांदायला जाईनात, म्हणून दादाजी भिकाजींनी १८८४ साली मुंबईच्या हायकोर्टात दावा लावला. त्यांचं म्हणणं साधं होतं. हे लग्न माझ्या अजाण वयात झालं, त्याला माझी संमती नव्हती. १८८७ साली कोर्टाने सांगितलं, नवऱ्याकडे जा, नाही तर सहा महिने तुरुंगात जा. त्या तुरुंगात जायला तयार झाल्या. पुढे १८८८ साली तडजोड झाली, त्या विलायतेला गेल्या, डॉक्टर होऊन आल्या आणि सुरत-राजकोटकडे त्यांनी कित्येक वर्षं बायकांचे दवाखाने चालवले. मग १८९१ साली संमतिवयाचा कायदा आला. मुलीच्या संमतीचं वय दहाचं बारा झालं, एवढाच तो बदल. पण टिळक त्याच्या विरोधात आणि आगरकर बाजूने, असा सगळा महाराष्ट्र तेव्हा दोन्हींकडे उभा राहिला.

यात 'संमती' हा शब्द कसा आला आहे ते बघा. परवानगी वरून खाली येते, संमतीला दोन मनं लागतात. सम् आणि मती. रखमाबाईंनी परवानगी मागितली नाही, आपली संमती नव्हती एवढंच सांगितलं. बिचारं सगळं राज्य त्याने हादरलं.

आनंदीबाई जोशींचं आणखी वेगळं. त्यांच्याबाबत 'गोपाळरावांनी शिकू दिलं' असं म्हणताच येत नाही, शिकायला लावलं असंच म्हणावं लागतं. 'करू देणे' आणि 'करायला लावणे' यांत मन कुणाचं आहे हाच फरक. पण अमेरिकेला निघण्यापूर्वी, फेब्रुवारी १८८३ मध्ये, श्रीरामपूरला, म्हणजे कलकत्त्याजवळच्या, त्या भर सभेत उभ्या राहून मी का जाते आहे ते बोलल्या. अठरा वर्षांचीसुद्धा नव्हती पोर. जाऊ का, असं तिने सभेला विचारलं नाही. का जाते, ते सांगितलं. कारण सांगणं आणि परवानगी मागणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आता 'होऊ दिलं'चा दुसरा अर्थ. हे लिहू की नको, असं दोन दिवस चाललं होतं.

आमचा तालुका ऊसतोडीला जाणाऱ्यांचा. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेतलेली जोडपी गाड्यांत बसून साखर कारखान्यांकडे जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. १९९४ ची गोष्ट असेल. माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई दिवाळीनंतर शाळेत आली. मुलगी सहावीत, अक्षर मोत्यासारखं. आई म्हणाली, "बाई, हिला घिऊन जावं म्हणते. धाकटं सांभाळायला कुणी न्हाई. जाऊ द्या, चैतात येतोच माघारी."

मी समजावून पाहिलं, पण फार नाही. त्या दिवशी माझ्यापुढे तशा आणखी तीन आया उभ्या होत्या. मीच अर्ज लिहिला, तिने अंगठा उठवला आणि मी खाली लिहिलं, 'रजा मंजूर.' सही केली.

चैत्र आला, पाडवा झाला, मुलगी आली नाही. मे महिन्यात कळलं, तिकडेच पाहुण्यांत लग्न उरकलं. मुलीचं लग्नाचं वय अठरा, हा कायदा तेव्हाही होता, १९७८ पासूनचा. मला तो पाठ होता. मी नागरिकशास्त्रात तो शिकवत होते. पण "आता झालंय, जाऊ द्या" असं सगळे म्हणाले आणि मीही म्हटलं. दोन वर्षांनी ती मला बाजारात भेटली, कडेवर लेकरू. वाकून पाया पडली. दोन शब्द बोलली नि म्हणाली, "येऊ का, बाई?"

आपल्या मराठीत निघताना 'जाऊ का' म्हणत नाहीत. जायचं असतं आणि विचारायचं 'येऊ का', समोरच्याने म्हणायचं 'ये'. मी म्हटलं, "ये." ती गेली.

तिचं लग्न मी लावलं नाही. पण मी ते होऊ दिलं. इथे मात्र हाच शब्द खरा आहे, त्याच्यापासून मला पळता येत नाही. गंमत पाहा, आबांच्या बाबतीत जिथे देण्यासारखं काही नव्हतं तिथे मी 'दिलं, दिलं' म्हणत राहिले, आणि जिथे अडवणं माझं कर्तव्य होतं तिथे 'मंजूर' लिहून मोकळी झाले. त्या शेऱ्याचा कागद कधीच रद्दीत गेला असेल.

पुढे हंगामी वसतिगृहं आली. आई-बाप तोडीला गेले तरी लेकरं गावातच राहून शाळेत जाऊ लागली. २००६ साली बालविवाहाचा नवा कायदा झाला. शिक्षण हक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाचा तो हक्क ठरला. हक्क म्हणजे काय? तर जिथे अर्जाखाली 'मंजूर' लिहायला जागाच नसते ते. तरीही आमच्या जिल्ह्याचं नाव बालविवाहांसाठी पेपरात येतंच. कायद्याने शब्द बदलला, घरातली क्रियापदं तीच राहिली. आजही लग्नाच्या बैठकीत मुलाकडचे कौतुकाने सांगतात, "आम्ही मुलीला पुढं शिकू देऊ. नोकरीसुद्धा करू देऊ." मुलीचे वडील उपकार झाल्यासारखे हात जोडतात. त्या मुलाला मात्र कुणी विचारत नाही, की बाबा, तुला घरच्यांनी नोकरी करू दिली का?

माझ्या धाकट्या जाऊबाईंना हे वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "वहिनी, संसार आहे तो. विचारूनच करावं लागतं. उद्या सगळेच न विचारता करायला लागले तर घर राहील का?" त्यांचं म्हणणं खोटं नाही. पण विचारणं वेगळं आणि परवानगी मागणं वेगळं. विचारणं दोन्हीकडून असतं. मी ह्यांना विचारते, हे मला विचारतात, त्याने घर टिकतं. परवानगी एकाच बाजूने वाहते. ज्या घरात विचारायची पाळी नेहमी एकाच माणसावर येते, तिथे ते विचारणं नव्हे, ती दरख्वास्त.

म्हणून मला 'ना हरकत' हा शब्द प्रामाणिक वाटतो, असं मघाशी म्हटलं. तो निदान दात्याचा आव आणत नाही. अडवायची ताकद माझ्याकडे होती, ती मी वापरली नाही, एवढंच तो सांगतो. तेवढ्यावर कुणाला ओवाळायचं कारण नाही.

काल रात्री नातीला फोन केला. म्हटलं, वहीतलं ते वाक्य खोड आणि हे लिही: 'मी बी.ए. केलं, तेव्हा माझे सासरे परीक्षेच्या दाराबाहेर लेकराला घेऊन बसले होते.' ती म्हणाली, "पण आजी, यात 'अलाऊ' कुठे आहे?"

म्हटलं, नाहीच. बाई गुण कापतील तर कापू दे.

पुष्कळ लिहिलं. तुमच्या घरात 'करू दिलं' हे वाक्य कुणाच्या नावावर आहे, आणि त्याने किंवा तिने खरोखर काय दिलं होतं, ते आठवलं तर कळवा. चूल... म्हणजे आता गॅसच, पण जीभ ऐकत नाही. तो वाट बघतोय.

येते.